उल्हासच्या वाट्याचा रोट

सावदा
१२ जून २०२५

चि. तोताराम यास उखर्डूचे आशीर्वाद.

तू म्हणशील, भाऊच्या खिशात फोन असताना पत्र कशाला. फोनवर तू "हो भाऊ, हो भाऊ" म्हणतोस आणि ठेवून देतोस. मग मी अंथरुणात विचार करत बसतो की हा हो नेमका कशाला म्हणाला. शिवाय माझा डावा कान आता गेल्यात जमा आहे. कागद मला चार वेळा वाचता येतो. तू जन्मभर वकिलाकडे कारकुनी केलीस, तुला कागदाची किंमत मी काय सांगू.

मुद्द्यावर येतो. आपला उल्हास जर्मनीत मंत्री झाला. ही गोष्ट मला तू सांगितली नाहीस. नात सांगते, चारुलता, मोबाईलवर बघून. "आबा, तुम्ही ज्याची गोष्ट सांगता तो हाच का?" मी चष्मा पुसून बघितलं. केस गेलेत, पोट आलंय, गळ्यात टाय. पण कान तेच. आपल्या ओट्यावर उन्हात बसला की लाल व्हायचे, तेच कान. खरं नाव उलरिश का काय ते, आईला म्हणता यायचं नाही, म्हणून तिनं उल्हास केलं होतं.

चारुलतानं त्याची मुलाखत वाचून दाखवली. तो म्हणतो, "मी कायद्याचा पहिला धडा हिंदुस्थानात एका म्हातारीकडून शिकलो, तिला वाचता येत नव्हतं." ती म्हातारी म्हणजे माझी आई. हे ऐकून मी सुखावलो. पण पुढे तो म्हणतो, "धुळ्याचा माझा मित्र तोताराम मला आजही पत्र लिहितो." बस. उखर्डूचं नाव नाही. सावद्याचं नाव नाही.

आता तूच सांग. पंच्याऐंशी साली सावदा स्टेशनावर केळीची वॅगन कोण भरत होतं? मी. खांडव्याच्या गाडीतून उतरून बाकावर पिवळाजर्द होऊन पडलेला पोरगा कोणाला दिसला? मला. गाडीवान म्हणत होता, "राहू द्या भो, मरून गेला तर पोलीस तुमच्याच दारी येतील." तरी बैलगाडीत केळीच्या पानांवर झोपवून त्याला घरी मी आणला. काविळीचं औषध, ताक, उसाचा रस, सगळं माझ्या घरचं. श्रावण सरेपर्यंत तो माझ्या ओट्यावर राहिला. तू रविवारी धुळ्याहून यायचास, इंग्रजीत त्याच्याशी गप्पा मारायचास, माझ्याच घरचं जेवून जायचास. त्याला खाऊ घातलं मी आणि मित्र झालास तू.

सातवी शिकलेल्या माणसाचं जगात असंच होतं. मी तक्रार करत नाही. फक्त विचारतो, तुला हे कधी कळलं आणि मला का सांगितलं नाहीस? तो इकडे येणार असल्याचं काही कानावर आहे का? लगेच कळव. माझं ब्लडप्रेशर वाढलंय.

पुष्पाचा मंदाबाईंना नमस्कार.

उखर्डू


धुळे
१७ जून २०२५

ती. उखर्डूभाऊस तोतारामचा शि. सा. नमस्कार.

पत्र पावलं. तब्येतीची काळजी घ्या. गोळी सकाळी घ्यायची असते, राग आल्यावर नव्हे.

आधी एक दुरुस्ती. उल्हास देशाचा मंत्री झालेला नाही. तिथल्या एका राज्याचा कायदामंत्री झालाय, आपल्याकडे मुंबईत असतो तसा. गावात सांगताना सांभाळून सांगा.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही कधी विचारलं नाही. दिवाळीला भेटलो की तुम्ही केळीचा भाव सांगता, करपा रोगाचं सांगता, शेजारच्या निंबाचा बांध सांगता. उल्हासचं नाव काढता ते फक्त तो तुमच्याकडे किती ताक प्यायला हे सांगायला.

त्याचं काय काय झालं ते थोडक्यात लिहितो. इथून गेल्यावर वकिलीच्या परीक्षेत तो एकदा नापास झाला. मग पास होऊन एका लहान गावात बेकरीच्या वरच्या खोलीत त्यानं ऑफिस टाकलं. सुरुवातीला अशील येत नसत, खालून पावाचा वास तेवढा येई. मग एक केस आली. नगरपालिकेनं परदेशातून आलेल्या एका कुटुंबाला चुकून घर दिलं होतं. यादी चुकली म्हणून ते काढून घ्यायला निघाले. उल्हासनं कोर्टात आपल्या कानबाईच्या गव्हाची गोष्ट सांगितली. मूठ एकदा सुपात पडली की परत पोत्यात जात नाही, असं एक म्हातारी म्हणाली होती, असं. न्यायाधीश हसले म्हणे, पण निकाल त्याच्या बाजूनं लागला. ते कुटुंब अजून त्या घरात आहे. तिथून त्याचं नाव झालं. पक्षाची माणसं आली. दोन निवडणुका पडला, तिसरी जिंकला. बरीच वर्षं मागच्या बाकावर बसला. या मे महिन्यात मंत्री झाला. हे सगळं त्यानं मला वेळोवेळी लिहिलं आणि मी उत्तरं दिली. यात मित्र होण्यासाठी मी तुमच्याकडून काही चोरलं असं मला वाटत नाही.

आता येण्याचं. ऑगस्टच्या सुरुवातीला सरकारी कामानं तो मुंबईत आहे. रविवार, तीन तारीख, त्यानं स्वतःसाठी ठेवलीय. त्या दिवशी कानबाईचा सण आहे हे त्यानं कुठूनसं शोधून काढलंय. मुंबईहून आग्रा रोडनं सकाळी निघून दुपारी धुळ्याला पोचेल, सोमवारी परत. पुढे सावदा म्हणजे आणखी अर्धा दिवस, त्याच्याबरोबर पोलीस, दूतावासाची माणसं. म्हणून मी त्याच्या सचिवाला धुळ्याचंच कळवलंय. वेळ उरला तर सोनगीरला नेईन. तिथं घेतलेला पितळी तांब्या अजून त्याच्या टेबलावर असतो.

तुम्ही आणि वहिनी शनिवारीच इकडे या. सगळे भेटू.

एक बारीक गोष्ट. पत्रात तुम्ही "माझी आई" असं लिहिलंय. असो.

तोताराम


सावदा
२१ जून २०२५

तोताराम,

शनिवारी इकडे या म्हणतोस! कानबाईच्या आदल्या दिवशी मी घर सोडून धुळ्याला येऊ? कानबाईचा नारळ माझ्या देवघरात आहे, पणजोबांपासून. रविवारी तिला चौरंगावर मांडायची, सोमवारी नदीवर न्यायची. तिच्या रोटाच्या दिवशी घरचा कर्ता पुरुष धुळ्याला मंत्री बघत बसला, असं झालं तर ती माझं काय करील? चाळीस वर्षं वकिलांत बसून तू देवाधर्मालाही तारीख द्यायला लागलास.

आणि उल्हास कशाला येतोय? कानबाईसाठीच ना? मग कानबाई कुठे आहे? भुसावळपर्यंत रस्ता आता आरशासारखा झालाय. अर्धा दिवस लागत नाही. खोटं नको सांगू त्याला.

मला ठाऊक आहे तुझ्या मनात काय आहे. धुळ्याच्या तुझ्या कॉलनीत लाल दिव्याची गाडी उभी राहील. पेपरवाले येतील. तू चहा ओतताना फोटो निघेल. खाली लिहितील, "मंत्र्यांचे जुने स्नेही." मी इथं सावद्यात तो पेपर निंबाच्या दुकानात उभ्यानं वाचीन.

काय सांगू, आता माघार घेता येत नाही. मी गावात सांगून बसलोय. घराला रंग काढला. न्हाणीशेजारी खुर्चीचा संडास बसवला. पुष्पा म्हणते, "त्या बिचाऱ्यानं तेव्हा लोटा घेऊन केळीच्या बागेत जायला कुरकुर केली नाही, आता तुम्हीच कशाला करता?" बाईला काय कळतंय, तेव्हा तो विद्यार्थी होता. निंबा तर दुकानातून रोज ओरडतो, "उखर्डूभाऊ, कधी येऊन राह्यला तुमचा मंत्री? का संडास बघूनच परत गेला?" सगळे हसतात. मी पण हसतो. घरी येऊन गोळी घेतो.

तुला एक लक्षात आणून देतो, राग मानू नकोस. कानबाईच्या प्रसादाचा रोट कोण खातो? ज्याच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात पडला तो. घरचा पुरुष, भाऊबंद. बाहेरच्याला द्यायचा नाही, उरवायचा नाही, टाकायचा नाही. त्या वर्षी आई गहू मोजत होती, पोरांबरोबर ओट्यावर उल्हास बसला होता, आणि मोजून झाल्यावर एक मूठ जास्त भरली. आई म्हणाली, "हा गोरा पोरगा मोजला गेला. आता तो आपला." तेव्हापासून आई होती तोवर आईनं, मग पुष्पानं, दरवर्षी त्याच्या नावाची मूठ टाकली आहे. त्याच्या वाट्याचा रोट मीच खातो, कारण टाकता येत नाही. म्हणजे चाळीस वर्षं मी त्याची जागा राखली आहे. आणि तू त्याला तुझ्या घरी नेऊन काय खाऊ घालणार? श्रीखंड-पुरी?

त्याचा पत्ता किंवा ईमेल पाठव. मला त्याला दोन शब्द लिहायचे आहेत.

उखर्डू

ता. क. नको पाठवू. चारुलतानं त्याच्या ऑफिसचा शोधून काढला.


धुळे
९ जुलै २०२५

ती. भाऊस नमस्कार.

तुमची ईमेल मला मिळाली. तुम्ही मला पाठवली नव्हती, तरी मिळाली.

चारुलतानं तुम्ही सांगितलेलं जसंच्या तसं मराठीत लिहून पाठवलं. तिनं इंग्रजी करते म्हटलं असेल, आणि तुम्हाला भीती वाटली असेल की पोर काहीतरी बदलेल. उल्हासच्या ऑफिसात मराठी कोणाला येत नाही. त्यांनी ती भाषांतराच्या यंत्रात घातली. यंत्रानं मुठीचा ठोसा केला. उल्हासला वाटलं, आपल्यावरून सावद्यात मारामारी झाली. मराठी कळणारा एकच माणूस त्याच्या ओळखीचा आहे. त्यानं ती मला पाठवली. "मित्रा, नीट भाषांतर करून दे, मला काळजी वाटते."

मी करून दिलं.

तुम्ही लिहिलंय, "तोतारामला आमच्या भाऊबंदात धरत नाहीत. तो लहानपणी धुळ्याला आत्याच्या घरी दत्तक गेला. त्याचं आडनाव वेगळं, कूळ वेगळं. कानबाईचा रोट त्याला चालत नाही. म्हणून तुम्ही त्याच्याकडे उतरू नये. तुम्ही मोजलेले आहात, तो मोजलेला नाही." एक शब्द गाळला नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या फिर्यादी लिहिल्या, स्वतःविरुद्धची पहिल्यांदाच लिहिली. मंदा शेजारी भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्हना भाऊ नुसता जयत ऱ्हास." मी म्हटलं, जळू दे, पण लिहिलंय ते खरं आहे.

खरं आहे. म्हणूनच तुम्हाला कधी न सांगितलेलं एक सांगतो. मी दत्तक गेलो तेव्हा सहा वर्षांचा होतो. आत्याकडचे भाऊबंद मला आपल्यात घेत नसत, घराच्या वाटणीत नवा हिस्सेदार आला म्हणून. आणि सावद्याला यायचो तर मी पाहुणा. कानबाईच्या दिवशी तुम्ही सगळे रोट खायला बसायचात, मला पडवीत वेगळं ताट. पुरी आणि गंगाफळाची भाजी. तुम्ही एकदा माझ्याकडे बघून डोळे मिचकावलेत, तुम्ही आठ-नऊ वर्षांचे असाल. तुम्हाला आठवत नसेल.

त्या पंच्याऐंशीच्या श्रावणातही मी ओट्यावर होतो. खांबाला टेकून उल्हासला इंग्रजीत सगळं समजावत होतो, मूठ कशासाठी, सव्वाच का. आईची मोजणी झाली आणि तिनं सूप बघून म्हटलं, "एक जास्त झाली." भाऊ, तेवढ्या एका क्षणात मला वाटलं, ती मूठ माझी आहे. पंचवीस-तिशीचा बाप्या होतो मी तेव्हा. मी उठायलाच निघालो होतो. मग आईनं बोट केलं ते उल्हासकडे. सगळे हसले. तोही हसला. मला म्हणाला, "हे काय झालं?" मी त्याला इंग्रजीत सांगितलं, "तू आता या घरचा झालास." ते वाक्य बोलायला मला जे लागलं ते मला ठाऊक.

तुम्हाला वाटतं उल्हास माझा मित्र झाला म्हणून मी तुमच्यापेक्षा मोठा झालो. त्याच्या प्रत्येक पत्रात शेवटी एक ओळ असते, "सावद्याला माझी मूठ अजून टाकतात का?" आणि मला दरवर्षी लिहावं लागतं, "हो, टाकतात."

त्याला मी कळवलंय की सावद्यालाच जा. धुळ्याचं रद्द. तुमच्या घराचा रंग वाया जायला नको.

तोताराम


सावदा
१३ जुलै २०२५

तोताराम,

तुझं पत्र चारुलतानं वाचून दाखवायला घेतलं, अर्ध्यात थांबली आणि माझ्या हातात देऊन आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलत नाही.

मी खोटं काय लिहिलं? तूच म्हणतोस खरं आहे. मग?

पण तू एखादा शब्द गाळायचास. वकील लोक गाळत नाहीत का? आता तो जर्मनीत बसून म्हणत असेल, उखर्डू काय माणूस आहे. त्याला माझ्याबद्दल दुसरं काही कळवलंस का? त्यानं काय उत्तर दिलं? इंग्रजीत असेल तर तसंच पाठव, चारुलता वाचील, बोलायला लागली तर.

डोळे मिचकावल्याचं मला आठवतं. मी चिडवायला मिचकावले नव्हते. माझ्या ताटात दोन रोट होते, एक मी सदऱ्याखाली लपवला होता, तुला नंतर द्यायला. आजीनं पकडलं आणि कानफटात दिली. हे तू बघितलं नसशील, तू पडवीत होतास.

संडासाची टाकी गळायला लागलीय. आणि तो इकडे येतोय ना नक्की? निंबाला मी तारीख सांगून बसलोय.

उखर्डू


धुळे
२४ जुलै २०२५

ती. भाऊस नमस्कार.

बातमी चांगली नाही. उल्हासचं सरकार पडलं. दोन पक्षांची आघाडी होती, धाकट्या पक्षानं पाठिंबा काढला. शुक्रवारी त्यानं राजीनामा दिला. मुंबईचा दौरा सरकारी होता, तो रद्द. अडीच महिने मंत्री राहिला. त्यानं लिहिलंय, "केबिनमधल्या भिंतीला रंग नुकताच काढला होता, वाळायच्या आत निघालो." मला तुमच्या घराची आठवण झाली.

तो परत बेकरीच्या वरच्या खोलीत बसणार आहे म्हणे. वकिलीच करणार. हिवाळ्यात जमलं तर स्वतःच्या पैशानं येईन म्हणतो, भरीत खायला.

तुम्ही त्याचं उत्तर विचारलं होतं. राजीनाम्याच्या आधीचं आहे. एवढंच आहे: "तोताराम, चाळीस वर्षं मी लोकांना ही गोष्ट सांगितली आणि माझं नाव झालं. तू मोजला गेला नव्हतास हे तू मला कधीच सांगितलं नाहीस. मग माझ्या भाषांतरात तेव्हा काय गाळलं होतंस?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही.

निंबाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मंदाचा वहिनींना नमस्कार.

तोताराम


सावदा
३० जुलै २०२५

चि. तोताराम यास आशीर्वाद.

हे पत्र पोस्टानं रविवारपर्यंत पोचणार नाही, म्हणून चारुलता मोबाईलवर फोटो काढून पाठवते आहे. बोलायला लागली आहे.

निंबाला मी स्वतः जाऊन सांगितलं की मंत्री येत नाही, त्याचं मंत्रिपद गेलं. मला वाटलं दुकान हसून खाली पडेल. निंबा म्हणाला, "बसा भाऊ, चहा घ्या. माझा मेव्हणा पण ग्रामपंचायतीत पडला होता, आठ दिवस जेवला नाही." आम्ही दोघं चहा घेत बसलो. तुला खरं सांगू का, उल्हासचं गेलं हे ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं. कॉलनीत गाडी उभी राहणार नाही, फोटो निघणार नाही. मग माझंच मला कसंतरी झालं, आणि मी चहा अर्धा ठेवून उठलो.

आता मुख्य गोष्ट. तुझं नऊ तारखेचं पत्र मी पुष्पाला वाचून दाखवलं नव्हतं. काल नागपंचमी झाली, संध्याकाळी ती गहू निवडायला बसली, तेव्हा दाखवलं. त्या वर्षी आईच्या समोर सूप धरून बसली होती ती पुष्पाच. नवी सून, डोक्यावर पदर. मी "एक जास्त झाली" इथवर वाचलं आणि ती म्हणाली, "जास्त नव्हती झाली."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"सासूबाई मूठ टाकताना नावं पुटपुटायच्या. तुमचं घेतलं, आणि त्याच्या पाठोपाठ तोतारामभाऊजींचं घेतलं. सहज, जीभ वळली तशी. मग हात थांबला. पण गहू सुपात पडले होते. ओट्यावर आतोबा बसलेले, दत्तक घेणारे. त्यांच्यादेखत काय बोलतील? तुमच्या घरचा पोरगा मी परत मोजला, असं? मग त्यांनी त्या गोऱ्या पोराकडे बोट केलं."

मी म्हटलं, "चाळीस वर्षं तू हे बोलली नाहीस?"

"मला कोणी विचारलं? सासूबाईंनी डोळ्यांनीच गप्प केलं होतं मला. त्यानंतर दरवर्षी उल्हासची मूठ टाकताना त्या डोळे पुसायच्या. तुम्ही म्हणायचात, कोंडा गेला असेल."

मी म्हणायचो खरा.

तोताराम, तू बरोबर उठायला निघाला होतास. ती मूठ तुझीच होती. ज्या गोष्टीवर उल्हासनं कोर्ट जिंकलं, निवडणूक जिंकली, मंत्री झाला, ती गोष्ट तुझ्या नावावरची आहे. आणि तुझ्या वाट्याचा रोट दरवर्षी मी खाल्ला, उल्हासचा म्हणून, वर आणखी लोकांना सांगत. मला तुझा हेवा वाटायचा की तो तुझ्याशी बोलतो. तू पडवीत बसून आमची ताटं बघत होतास, ते मला मोठेपणी कधी दिसलंच नाही.

आज सकाळी रोटाचे गहू मोजायचे होते. पुष्पाला म्हटलं, या वर्षी मी मोजतो. ती म्हणाली, "बाप्ये मोजत नाहीत." मी म्हटलं, मग चुकलं तर मला बोल लावू नकोस. पाटावर बसलो. नावं घेत घेत मूठ टाकत गेलो. पोरांची, नातवांची. उल्हासची मूठ उल्हासला टाकली, ती आता चाळीस वर्षं जुनी झाली, काढून घेता येत नाही. शेवटी पुष्पानं सुपात बघितलं आणि मोठ्यानं म्हणाली, बाहेर निंबाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "अहो, एक जास्त झाली!"

मी म्हटलं, माझी चूक झाली. म्हातारा माणूस, मोजताना तोंडातून नाव निघून गेलं.

भाऊबंदांत कुरकुर होईल. सावत्या काका तर उठून जाईल, त्याची मला भीती आहे, रात्री गोळी घ्यावी लागणार. पण नियम मी केलेला नाही. मूठ एकदा सुपात पडली की परत पोत्यात जात नाही, असं आपली आई म्हणायची. आणि रोट टाकता येत नाही, बाहेरच्याला देता येत नाही. या वर्षी मी एकट्यानं दोन वाटे खाणार नाही. डॉक्टरनं गोड कमी करायला सांगितलंय.

तेव्हा रविवारी सकाळी मंदाबाईंना घेऊन ये. भुसावळपर्यंत रस्ता चांगला आहे. पुढं खड्डे आहेत, गाडी सावकाश चालव. पडवीत ताट नाही. माझ्या शेजारी पाट मांडलाय, डाव्या बाजूला, पण त्या कानानं मला ऐकू येत नाही, तेव्हा जे बोलशील ते मोठ्यानं बोल.

उल्हासला उत्तर लिही. काय गाळलं होतंस ते आता सांगून टाक. आणि त्याला हेही कळव की हिवाळ्यात आला तर आधी सावद्याला उतरायचं. संडास बांधलाय, तो वापरणारं कोणीतरी पाहिजे.

तुझा भाऊ
उखर्डू